चित्रपुस्तक मांडीवर घेताना

आमच्या सोसायटीत तळमजल्यावर एक रिकामी खोली आहे. शनिवारी संध्याकाळी तिथे सतरंजी अंथरून मी लहान मुलांची पुस्तकं मांडते. नव्याने येणाऱ्या आईबाबांची तक्रार बहुतेक एकच असते. "ताई, हा बसतच नाही. दोन पानं झाली की उठून पळतो." मी म्हणते, बरं, मला जरा वाचून दाखवा. आई पुस्तक उघडते, पहिल्या ओळीपासून छान वाचायला लागते आणि ओळ संपली की पान उलटते. मूल अजून मांजराच्या शेपटीवर बोट ठेवून असतं. शेपटी गेली. पुढच्या पानावर एक बादली दिसते, तिच्यात काय आहे ते बघायला ते वाकतं, तोवर बादलीही जाते. तिसऱ्या पानाला ते उठतं.

त्याच्या जागी आपण असतो तर आपणही उठलो असतो.

दोन-तीन वर्षांपर्यंत पुस्तक हे मुलाशी बोलायचं निमित्त असतं. गोष्ट पूर्ण झाली की नाही, याला फारसं महत्त्व नाही. त्या पानावर मूल काय म्हणालं आणि त्यावर तुम्ही काय म्हणालात, यातून त्याची भाषा वाढते. पुढचं सगळं त्याच अंगाने लिहिलं आहे. घरात पहिलंच बाळ असेल, किंवा नातवंडाची जबाबदारी नुकतीच अंगावर आली असेल, तर एकदम सगळं करायला जाऊ नका. एकेक करून बघा.

सुरुवात कधी

बाळ मान धरायला लागलं की, त्याआधीही चालेल. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१४ साली डॉक्टरांना सांगितलं की अगदी तान्ह्या वयापासून वाचून दाखवायला पालकांना सुचवा. ब्रिटनमध्ये त्याच्याही आधी, १९९२ साली, बर्मिंगहॅम शहरात ३०० बाळांना पुस्तकांची पिशवी देऊन बुकस्टार्ट नावाचा उपक्रम सुरू झाला, आणि तो पुढे देशभर पसरला. आपल्याकडे बाळाच्या आहेरात दुपटं, वाळे, खुळखुळा येतो. त्यात एक पुठ्ठ्याचं पुस्तक ठेवायला काहीच हरकत नाही.

नवजात बाळाला साधारण वीस ते तीस सेंटिमीटरवरचं सर्वांत बरं दिसतं. मांडीवरून आईच्या चेहऱ्यापर्यंत साधारण एवढंच अंतर असतं. काळ्या-पांढऱ्यासारखा ठळक फरक त्याच्या नजरेत लवकर भरतो, म्हणून पहिल्या काही महिन्यांत मोठे, ठसठशीत आकार बरे. एका पानावर एक चेंडू, एक मांजर, एक डोळे मिटलेलं बाळ, बस्स. या वयात पुस्तक तोंडात जाणार. जाऊ द्या, ओल्या फडक्याने पुसून घ्या.

नऊ ते बारा महिन्यांच्या आसपास एक मोठी गोष्ट घडते. बाळ बोट दाखवायला लागतं. ते चित्राकडे बोट करतं, मग तुमच्या तोंडाकडे बघतं, पुन्हा चित्राकडे बघतं. "तू पण तेच बघतेयस ना?" असं ते विचारत असतं. आपण दोघं एकाच गोष्टीकडे बघतो आहोत आणि त्या गोष्टीला एक आवाज आहे, हे एकदा लक्षात आलं की शब्द चिकटायला लागतात. त्या क्षणी तुम्ही फक्त "हो, माऊ! माऊ झोपली" एवढं म्हणालात तरी त्या दिवशीचं वाचन झालं.

कुठलं पुस्तक

यावर लोक फार विचार करतात, म्हणून थोडक्यात सांगते. वर्षाच्या आत जाड पुठ्ठ्याचं किंवा कापडाचं पुस्तक घ्या. एक ते दोन वर्षांच्या मुलाला ओळखीच्या वस्तू, प्राणी, रोजची कामं: आंघोळ, जेवण, झोप. दोननंतर छोटी गोष्ट चालते, एका पानावर एक-दोन ओळींची. चित्र इतकं गजबजलेलं नको की नजर कुठे ठरणारच नाही, आणि इतकं मोकळंही नको की बोलायला काही उरणार नाही.

मराठीत चांगली पुस्तकं मिळतात. ज्योत्स्ना प्रकाशन, नॅशनल बुक ट्रस्टची नेहरू बाल पुस्तकालय ही माला, प्रथम बुक्स, तूलिका, इथून सुरुवात करा. प्रथम बुक्सचं स्टोरीवीव्हर हे संकेतस्थळ २०१५ पासून आहे. त्यावर मराठी गोष्टी फुकट वाचता येतात, उतरवून घेता येतात, छापता येतात. चार पातळ्या आहेत, पहिलीपासून घ्या. मी अशा काही गोष्टी रंगीत छापून झेरॉक्सवाल्याकडून लॅमिनेट करून घेतल्या आहेत. इतकी वर्षं मुलांच्या हातात टिकून आहेत.

आणि घरी बनवा. प्लॅस्टिकच्या खिशांचा जुना फोटो अल्बम घ्या. एका खिशात आजोबा, दुसऱ्यात गॅलरीतली तुळस, तिसऱ्यात पोळपाट-लाटणं, चौथ्यात बाळाची स्वतःची चप्पल. वर्षाच्या मुलाला यापेक्षा आवडतं पुस्तक बाजारात मिळणार नाही. स्टेपलच्या पिना मात्र कुठेही लावू नका.

कसं बसायचं

मांडीवर किंवा अगदी शेजारी, चित्र दोघांनाही दिसेल असं. टीव्ही बंद, फोन दुसऱ्या खोलीत. वेळ रोज साधारण तीच, म्हणजे आंघोळीनंतर किंवा झोपायच्या आधी. पान मुलाला उलटू द्या. वर्षाच्या सुमाराला पुठ्ठ्याची पानं उलटता येतात, दोन-दोन, तीन-तीन एकदम. कागदाचं एकेक पान सुटं करून उलटायला दोन वर्षांच्या आसपास जमायला लागतं. अंगठा आणि तर्जनीची ती पकड पुढे बटण लावायला, पेन्सिल धरायला कामी येते.

वर्षाच्या मुलाने दोन मिनिटं पुस्तक बघितलं तर ते भरपूर आहे. उठून गेलं तर ओढून बसवू नका. तुम्ही तिथेच बसून उरलेलं पान मोठ्याने वाचत राहा. बऱ्याचदा ते खेळणं हातात घेऊन परत येतं.

आधी चित्र वाचा

आता मुख्य काम. पुस्तक उघडलं की ओळीकडे बघू नका. मूल कुठे बघतंय तिथे बघा आणि त्यावर बोला. मग गप्प राहा. मनातल्या मनात पाच आकडे मोजा. मोठ्या माणसाला ही शांतता फार लांब वाटते आणि आपण घाईने उत्तर देऊन टाकतो. मुलाला मात्र चित्र बघून, शब्द शोधून, तोंडातून काढायला तेवढा वेळ लागतोच.

परवाचाच प्रसंग. दोन वर्षांची मुलगी, आजीच्या मांडीवर. पानावर बाजार होता. एक शेळी भाजीवालीच्या टोपलीत तोंड घालून उभी.

"काय चाललंय गं इथे?" आजीने विचारलं आणि थांबली.

"मे."

"हो, शेळी! शेळी काय खातीये?"

"पाया."

"पाला खातीये. भाजीवाल्या मावशींचा पाला खाल्ला शेळीनं!"

"शेडीनं खाल्ला."

"शेळीनं खाल्ला! मग मावशी काय म्हणाल्या असतील?"

मुलीने हात उगारला. "हट्!"

अख्खी खोली हसली. हे सगळं एका पानावर झालं, आणि पुढचं पान त्या दिवशी उलटलंच नाही. आजीने कुठलाही अभ्यासक्रम वाचलेला नव्हता, पण तिने चार गोष्टी केल्या. आधी विचारलं. मुलीचं जे आलं त्याला "हो" म्हटलं. तिच्या एका शब्दात दोन-तीन शब्दांची भर घालून ते वाक्य परत दिलं. आणि मुलगी ते पुन्हा म्हणेल एवढी जागा सोडली. "मे नाही म्हणायचं, शेळी म्हण" असं तिने म्हटलं नाही. बरोबर शब्द "हो"च्या पाठोपाठ आपोआप कानावर पडला.

याच पद्धतीवर अमेरिकेत ग्रोव्हर व्हाइटहर्स्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अभ्यास केला, तो १९८८ साली प्रसिद्ध झाला. मुलं साधारण पावणेदोन ते तीन वर्षांची होती. दोन्ही गटांतल्या घरी वाचन तेवढंच व्हायचं. फरक एवढाच की एका गटातल्या पालकांना असं थांबायला, विचारायला, मुलाचं वाक्य वाढवायला शिकवलं होतं. जेमतेम महिन्याभरात त्या गटातली मुलं बोलण्याच्या चाचण्यांमध्ये पुढे गेली, आणि नऊ महिन्यांनंतरही थोडा फरक उरला होता. पुस्तकं तीच, वेळ तेवढाच. म्हणून "आम्ही रोज तीन पुस्तकं संपवतो" असं कोणी अभिमानाने सांगितलं की मी विचारते, त्यातलं किती बोलणं मुलाचं होतं?

प्रश्न विचारताना एक सांभाळा. "हे काय? ते काय? हा कुठला रंग?" अशी तोंडी परीक्षा लावू नका. उत्तर तुम्हाला माहीत आहे हे मुलांना लगेच कळतं. "आता काय होईल?", "हा का बरं लपलाय?", "आपल्याकडे असं कधी झालं होतं?" असे प्रश्न बरे. मुलाला काहीच सुचलं नाही तर तुम्ही सांगा, पुढच्या वेळी ते सांगेल. आणि काही पानं नुसती बघायची असतात. तिथे गप्प बसणं हेही वाचनच.

मराठी कानावर कशी पडते

रोजच्या बोलण्यात आपण मुलांशी फार तोकडं बोलतो. "चल, ये, जेव, नको, हात धू." घरात वावरताना हत्ती, पूर, होडी, गुहा, रानडुक्कर यांचा विषय निघत नाही. चित्रपुस्तकांत निघतो, आणि म्हणूनच मुलांशी होणाऱ्या गप्पांपेक्षा चित्रपुस्तकांतल्या मजकुरात वेगवेगळे शब्द जास्त असतात, असं मोजून पाहिलेलं आहे.

मराठीत तर नुसता शब्द शिकून भागत नाही. घोडा असतो, पण गवत घोड्याला द्यायचं आणि शेपूट घोड्याची. कुत्रा भुंकतो, पण आपण कुत्र्याला हाक मारतो. आंबा तो, चिंच ती, केळं ते. हे कोणी नियम सांगून शिकवत नाही. एकाच घोड्याबद्दल चार पानं बोलताना घोडा, घोड्यानं, घोड्यावर, घोड्यापाशी असं सगळं कानावरून जातं, आणि समोर चित्र असल्यामुळे अर्थ निसटत नाही. अडीच वर्षांचं मूल "घोडाला" म्हणालं तर आनंद माना. त्याने "ला" लावायचा नियम स्वतः शोधून काढलाय. तुम्ही फक्त म्हणा, "हो, घोड्याला गवत दिलं."

दुसरं आपलं धन म्हणजे नादाचे शब्द. पाऊस टपटप, पाला सळसळ, ढग गडगड, चांदणी लुकलुक, बेडूक टुणकन, फणस धप्पकन. पुस्तकात लिहिलेले नसले तरी चित्र बघून घाला. बोलता न येणारं मूलही "धप्प" म्हणतं आणि हात आपटतं. शब्दांच्या आवाजाशी खेळायची ही सवय पुढे अक्षरं शिकताना उपयोगी पडते, कारण "टपटप"मध्ये ट दोनदा आला हे कानाला आधी कळावं लागतं.

घरात मालवणी, वऱ्हाडी, अहिराणी किंवा आगरी बोलत असाल तर त्याच बोलीत चित्र सांगा. छापलेली ओळ वाचायची तेव्हा छापल्याप्रमाणे वाचा. मुलं दोन्ही सांभाळतात.

"मला कुठं वाचता येतंय"

आमच्या खोलीत एक आजी नातवाला सोडायला येतात आणि दारातच बसतात. शाळेत गेलेल्या नाहीत. एकदा मी आग्रह करून शब्द नसलेलं एक पुस्तक त्यांच्या हातात दिलं. त्या म्हणाल्या, मला कुठं वाचता येतंय. तिसऱ्या पानावर विहीर निघाली. आजींचा आवाज बदलला. रहाट कसा कुरकुरायचा, पोहरा सुटून विहिरीत पडला की गळ टाकून कसा काढायचे, काठावर पाय घसरून त्यांची बहीण कशी पडता पडता वाचली, पंधरा मिनिटं एकाच पानावर. नातू तोंड उघडं टाकून ऐकत होता. पुढच्या शनिवारी त्याने तेच पुस्तक हुडकून काढलं, आजीसमोर धरलं आणि म्हणाला, "पोहला."

तेव्हा वाचता येत नसलेलं माणूस घरात असेल तर त्याला यातून वगळू नका. बिनशब्दांची पुस्तकं त्याच्यासाठी आणा. नातवंडं परदेशात असतील तर एकाच पुस्तकाच्या दोन प्रती घ्या, एक तिकडे, एक इकडे. व्हिडिओ कॉलवर दोघांनी एकच पान उघडायचं. नुसतं "काय खाल्लंस? शाळेत गेलास का?" यापेक्षा बोलणं कितीतरी लांबतं, आणि तेही मराठीत.

पुन्हा तेच?

हो, पुन्हा तेच. सलग बारा रात्री एकच पुस्तक पुढ्यात आलं की मोठ्यांचा जीव मेटाकुटीला येतो. पण मुलाचं काम तिथेच चाललेलं असतं. इंग्लंडमधल्या ससेक्स विद्यापीठात २०११ साली जेसिका हॉर्स्ट यांनी तीन वर्षांच्या मुलांवर केलेल्या अभ्यासात असं दिसलं, की नवे शब्द सारख्याच वेळा ऐकूनही, एकच गोष्ट परत परत ऐकलेल्या मुलांच्या ते जास्त लक्षात राहिले. वेगवेगळ्या गोष्टींमधून ऐकलेल्यांना ते तेवढे आले नाहीत. गोष्ट माहीत झाली की मुलाचं लक्ष बारकाव्यांकडे जायला मोकळं होतं. तुम्ही कंटाळलात तर एखाद्या ओळीचा शेवट अर्धवट सोडा. मूल तो पूर्ण करेल, आणि मुद्दाम चुकवलात तर तुम्हाला रागावेल.

तीन वर्षांनंतर

आता गोष्टीला आधी-नंतर येतं, कारण-परिणाम येतो. पुस्तक मिटून "आधी काय झालं होतं गं?" असं विचारा आणि तिला चित्रं उलटत सांगू द्या. चेहऱ्यांकडे लक्ष वेधा. रुसणं, हिरमुसणं, घाबरणं, हेवा वाटणं, लाजणं, या शब्दांना चित्रात चेहरा मिळतो. धाकटं भावंड आल्यावर आपल्याला काय होतंय हे चार वर्षांच्या मुलाला सांगता येत नाही, पण पुस्तकातल्या अस्वलाच्या पिल्लाला काय होतंय ते ते बरोबर सांगतं. ऐकून घ्या. "म्हणून आपण असं करायचं नसतं" हे शेपूट जोडू नका, गोष्ट तिथेच मरते.

अक्षरांचं काय? बहुतेक पालकांना हाच प्रश्न असतो. वाचून दाखवताना मुलं चित्राकडे बघतात, अक्षरांकडे जवळजवळ नाही, हे कॅनडात मुलांच्या नजरेचा माग काढून पाहिलेलं आहे. त्यात बिघडत काही नाही. चार वर्षांच्या पुढे अधूनमधून ओळीखाली बोट फिरवा, डावीकडून उजवीकडे. मुलाच्या नावातलं अक्षर दिसलं तर दाखवा. पुस्तकाचं नाव, लिहिणाऱ्याचं आणि चित्रं काढणाऱ्याचं नाव रोज वाचा, म्हणजे पुस्तकं माणसं बनवतात हे कळतं. याहून जास्त नको. दोन-अडीच वर्षांच्या मुलाला मांडीवर घेऊन क, ख, ग गिरवायला लावलं की पुस्तक म्हणजे धाक, हे डोक्यात बसतं आणि ते निघायला फार वेळ लागतो.

मोबाइलवरची गोष्ट चालेल का

दोन वर्षांच्या आत नको. भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेच्या २०२१ च्या सूचना तेच सांगतात: दोन वर्षांखाली स्क्रीन नाही (नातेवाइकांशी अधूनमधून होणारा व्हिडिओ कॉल तेवढा चालेल), दोन ते पाच वर्षांपर्यंत दिवसाला एक तासाच्या आत, आणि जितकं कमी तितकं चांगलं. हलतं चित्र मुलासाठी थांबत नाही, हीच त्यातली अडचण. स्टोरीवीव्हरवरची गोष्ट मोठ्या मुलाला दाखवायचीच असेल तर स्थिर पानं उघडा आणि शेजारी बसून तुम्हीच वाचा.

केव्हा डॉक्टरांना विचारायचं

पुस्तक म्हणजे औषध नव्हे. नावाने हाक मारल्यावर मूल वळत नसेल, वर्ष उलटून काही महिने झाले तरी बोट दाखवत नसेल, दीड वर्षाचं होऊनही एकही शब्द येत नसेल, दोन वर्षांचं झालं तरी दोन शब्द जोडत नसेल किंवा येत असलेलं बोलणं थांबलं असेल, तर "मुलगे उशिराच बोलतात" असं म्हणणाऱ्या शेजारणीचं ऐकू नका. बालरोगतज्ज्ञांकडे जा आणि आधी कान तपासून घ्या. सरकारी सोय हवी असेल तर राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली जिल्हा पातळीवर शीघ्र हस्तक्षेप केंद्रं आहेत, त्यांना डीईआयसी म्हणतात. अंगणवाडी ताईंना किंवा जिल्हा रुग्णालयात विचारा. तपासण्या चालू असताना वाचन थांबवायचं कारण नाही.

फाटलं तर

फाटणारच. ओरडू नका आणि पुस्तक वरच्या फळीवरही ठेवू नका, हाताला येईल अशा खालच्या कप्प्यात राहू द्या. मी एका डब्यात पारदर्शक चिकटपट्टी, गोल टोकाची कात्री आणि खळ ठेवते. फाटलेलं पान सतरंजीवर सपाट ठेवायचं, दोन्ही कडा जुळवायच्या, मुलाने एक बाजू दाबून धरायची, आपण पट्टी लावायची. मागूनही एक. मग त्याच्या अंगठ्याने ती घासून घ्यायची, हवा राहता कामा नये. आमच्याकडे येणारा एक तीन वर्षांचा मुलगा आता आल्या आल्या पुस्तकांचा ढीग उपसतो आणि फाटकं पान सापडलं की डबा घेऊन माझ्याकडे येतो. "हे आजारी आहे," म्हणतो. पट्टी लावून झाली की तेच पुस्तक वाचायचं असतं.